दहाव्या कामापुढची खूण

गिऱ्हाईक अकराला येणार होतं आणि फोरमन सातपासून गाडी पुसत होते. आधी बॉनेट, मग दारं, मग चाकांच्या आतल्या खाचा, आणि ते सगळं संपल्यावर पुन्हा बॉनेट. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बायकोने तोंड बाहेर काढलं.

"अहो, रंग निघेल आता तिचा! चाळीस वर्षांत माझ्या एका पातेल्याला असा हात लावला नाहीत."

फोरमननी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एरवी त्यांनी काहीतरी खोचक उत्तर दिलं असतं, पण आज त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

फोरमन म्हणजे बस डेपोतले. चौतीस वर्षं बसच्या पोटाखाली काढून निवृत्त झाले, पण डेपो सुटला तरी फोरमन हे नाव काही सुटलं नाही. गल्लीत फोरमन, दुकानात फोरमन, आणि घरात मुलाची सटकली की 'फोरमनसाहेब'. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या बिजागऱ्या इतक्या वेळा आवळल्या की एकही दार धड लागेना. न्हाणीघरात जाणाऱ्याला आतून गाणं म्हणावं लागे. घरच्यांनी हात टेकले होते, आणि त्याच सुमाराला सुनेने एक मोडकी गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून दारात आणून उभी केली.

मुलगा दातांचा डॉक्टर, सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. डोळे आणि दात एकाच घरात झाल्याने शेजाऱ्यांची सोय झाली होती. पण मुलाला गाडी लागायची. चार वळणं झाली की हा पांढराफटक पडून खिडकीतून मान बाहेर काढायचा. आणि बायको मिळाली ती अशी, जिला सरळ रस्ता दिसला की पाय शिवशिवायचे. दोघांचं जमलं कसं हे एक कोडंच होतं, पण जमलं होतं खरं, आणि चांगलं जमलं होतं.

गाडी दोन दारांची, बुटकी, मागून गोलमटोल, वीस वर्षं जुनी. सुनेने तिचं नाव ठेवलं ठमी. सासूबाई तिला सवत म्हणत, आणि तेही खोटं नव्हतं, कारण पुढची तीन वर्षं फोरमन जेवायला दुसऱ्या हाकेलासुद्धा कधी आले नाहीत. सासरा आणि सून मिळून इंजिन उतरवत, चढवत, पुन्हा उतरवत. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला. ती हवा गार करायला पुढे मोठा कूलर आला, त्यासाठी बंपर आतून कापला. क्लच बदलला, स्प्रिंगा बदलल्या. वजन कमी करायला मागची सीट काढली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मला कधी न्यायचंच नाही असं ठरलं तर." आणि ती सीट त्यांनी ओट्यावर टाकून घेतली. दुपारचा चहा तिच्यावर बसून व्हायला लागला.

ठमी शनिवारी एक आणि रविवारी दुसरीच असायची. शहराबाहेरच्या ट्रॅकवर शनिवारी ड्रॅग चाले, म्हणजे पाव मैल सरळ पळायचं, दोन गाड्या शेजारी शेजारी, बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. रविवारी त्याच ट्रॅकवर वळणावळणांच्या फेऱ्या. शनिवारी मागच्या टायरांत हवा कमी, रविवारी जास्त. शनिवारी स्प्रिंगा मऊ, रविवारी कडक. आणि ब्रेकचे पॅड, चाकाच्या तबकडीला चिमटून गाडी थांबवणारे, तेही वेगळे. शनिवारी साधे, रोजच्या वापराचे, कारण ड्रॅगमध्ये ब्रेक शेवटी एकदाच लागतो आणि तो थंड असतानाच धरावा लागतो. रविवारी ट्रॅकचे. हे थंड असताना लाकडासारखे, पण तापले की असे धरतात की सीटचा पट्टा खांद्यात रुततो. साधे पॅड ट्रॅकवर चार फेऱ्या तापले की संपलं, पेडल मऊ होत होत तळाला जातं आणि गाडी आपल्या मर्जीने पुढे निघते.

शनिवार संपून रविवार उजाडला की अशी अकरा कामं असत. फोरमननी त्यासाठी वही केली होती. एकेक काम, त्याच्यापुढे बरोबरची खूण. सून ती वही सगळ्या ट्रॅकवर मिरवायची. "आमच्या बाबांची वही बघा," म्हणून लोकांना बोलावून दाखवायची. फोरमन मान खाली घालून पान्याशी खेळत राहायचे, पण कानापर्यंत खूश असायचे.

आता त्या खुणांची एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डेपोत साहेब सकाळी नऊलाच जॉबकार्डं गोळा करायचा, आणि कामं चालायची दुपारी दोनपर्यंत. मग सगळा डेपो काय करायचा, तर आधी कार्डावर खुणा करून कार्ड देऊन टाकायचा आणि मग बसखाली शिरायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खूण केली म्हणजे ते काम अंगावर घेतलं, आणि अंगावर घेतलेलं काम माणूस करतोच. चौतीस वर्षांत फोरमननी एकही काम सोडलं नव्हतं. ही सवय हाडीमासी खिळलेली होती, तीच त्यांनी घरच्या वहीत आणली. रविवारी सकाळी वही उघडायची, अकराच्या अकरा खुणा करायच्या, आणि मग बाह्या सरसावायच्या.

पाच महिन्यांपूर्वीच्या रविवारी नऊ कामं झाली होती. दहावं काम पॅडचं. गाडी जॅकवर घेणार तेवढ्यात तपासणीवाल्याने हाक मारली, पट्ट्याचा एक बोल्ट सैल वाटतोय म्हणून. फोरमन पाना घेऊन धावले. बोल्ट आवळला, मग तिथे हेल्मेटच्या शिक्क्यावरून हुज्जत झाली, त्यात अर्धा तास गेला. परत आले तर पहिल्या गटाची शिट्टी वाजत होती. काय राहिलंय ते बघायला त्यांनी वही उघडली. काहीच राहिलं नव्हतं. अकरा खुणा सुबक उभ्या होत्या.

चौथ्या फेरीला, सरळ रस्ता संपतो त्या वळणावर, ठमी थांबली नाही. खडीतून उड्या मारत गेली आणि टायरच्या भिंतीला धडकली. सून स्वतःच्या पायांनी चालत आली. मनगट मुरगळलं होतं, खांद्यावर पट्ट्याचे काळेनिळे वळ. पहिलं वाक्य बोलली ते, "बाबा, पॅड ट्रॅकचेच होते ना?"

"वहीत खूण आहे की," फोरमन म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेव्हा ते खोटं बोलत नव्हते.

ट्रॅकवर शिकवणारा एक मास्तर होता, त्याने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "ड्रॅगवाले सगळे असेच. पळवता येतं, थांबवता येत नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसतात, तापवतात, मग पेडल खाली गेलं म्हणून बोंब मारतात." सुनेने ते ऐकून घेतलं, आणि खरंही मानलं.

दुसऱ्या दिवशी फोरमननी चाक उघडलं. आत साधे पॅड होते, जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले. ट्रॅकचे पॅड टूलबॉक्सच्या तळाला खोक्यात जसेच्या तसे, वरचा कागदही फाटला नव्हता. फोरमन बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले. मग उठले, खोकं रंगाच्या डब्यांच्या मागे सरकवून ठेवलं, आणि तोंड शिवून घेतलं.

का शिवलं, हे त्यांना विचाराल तर ते तुम्हाला दहा कारणं देतील. खरं कारण एकच होतं. सांगितलं की सून पान्याला हात लावू देणार नाही. आणि ती बरोबरच असेल, हे त्यांना ठाऊक होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता पाच महिने गेले. तेवढ्यात त्यांनी ठमी नव्यासारखी करून टाकली. पण सून बिघडत गेली. दुकानात जातानाही ती समोरच्या गाडीपासून अर्धा फर्लांग लांब राहायची, सिग्नल हिरवा असला तरी लांबूनच वेग कमी करायची, मागचे शिव्या घालायचे. जेवताना टेबलाखाली उजवा पाय दाबून बघायची. मग बसने जायला लागली. आणि गेल्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, ठमी विकू या. मला ब्रेक लावता येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे जाऊ दे."

म्हणून हे गिऱ्हाईक.

ठीक अकराला फाटक वाजलं. आलेला माणूस फरश्या बसवायची कामं घ्यायचा, आणि धंद्याच्या सवयीने प्रत्येक गोष्ट बोटाच्या पेराने ठोकून बघायचा. दार ठोकलं, छत ठोकलं, खाली वाकून तळ ठोकला, जाता जाता फोरमनच्या टूलबॉक्सलाही दोन टिचक्या मारल्या. बंपरपाशी येऊन थांबला.

"हा नवा दिसतोय."

"हो," सून म्हणाली. "पाच महिन्यांपूर्वी ट्रॅकवर टायरच्या भिंतीला आपटली. बंपर, कूलर, रेडिएटर, सगळं बदललंय."

"कशामुळे आपटली?"

"माझ्यामुळे." चष्म्याचा नंबर सांगावा इतक्या सरळ आवाजात ती म्हणाली. "मला ब्रेक नीट लावता येत नाही. गाडीत काही खोट नव्हती. ही वही बघा, आमच्या बाबांच्या हातची. त्या दिवशी सकाळी काय काय केलंय ते सगळं आहे. या वहीत एक जरी खूण खोटी निघाली ना, तर गाडी फुकट घेऊन जा."

फरशीवाला हसला आणि पानं उलटायला लागला. फोरमनच्या हातात पुसायचं फडकं होतं. ते त्यांनी घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. सून त्यांच्याकडे बघून हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि तेही त्यांच्या वहीच्या अभिमानाने. फोरमनना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण जमीन सिमेंटची होती आणि त्यांनीच पक्की करून घेतली होती.

"दहा नंबरची खूण खोटी आहे," फोरमन म्हणाले.

"काय?" सून म्हणाली.

"पॅड बदललेच नव्हते मी. खूण आधी केली होती. नेहमीच आधी करतो, डेपोतली सवय. मग तो पट्ट्याचा बोल्ट आला, आणि मी विसरलो. परत येऊन वही बघितली तर खूण केलेली. तू शनिवारच्या पॅडवर चार फेऱ्या मारल्यास, पोरी. तुझ्या पायाचा काही दोष नाही. त्या पॅडवर त्या मास्तराचा बापसुद्धा थांबला नसता."

मग सुनेने विचारलं, "पॅड कुठे आहेत?"

फोरमननी रंगाचे डबे बाजूला केले आणि खोकं आणून दिलं. तिने न फाटलेल्या कागदावरून अंगठा फिरवला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"पाच महिने, बाबा?"

"हो."

"पाच महिने मी जेवतानासुद्धा पाय दाबून बघत होते. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

फरशीवाल्याने वही हळूच बॉनेटवर ठेवली, पायाने जमीन जराशी चाचपली आणि घसा खाकरला. "म्हणजे तशी गाडी चांगलीच आहे की. आणि ते... फुकटचं म्हणालात ते?"

"फुकट चहा मिळेल," खिडकीतून सासूबाई कडाडल्या. "तो पिऊन निघायचं!"

तो चहाही न पिता निघाला. सुनेने फोरमनपुढे तळवा धरला. "गॅरेजची किल्ली द्या." फोरमननी कंबरेच्या जुडग्यातून ती काढली. कडी निघता निघेना. तिने थांबून वाट बघितली, मदत केली नाही. किल्ली घेतली आणि आत निघून गेली.

थोड्या वेळाने बायको बाहेर येऊन ओट्यावरच्या त्या सीटवर त्यांच्या शेजारी बसली. "रडतेय," ती म्हणाली. "आणि मध्येच हसतेय. म्हणतेय माझा पाय चांगला आहे, माझा पाय चांगला आहे. आणि मग तुमच्या नावाने काहीतरी बोलतेय, ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"सांग."

"नको. पण त्यातलं निम्मं मलाही पटलं."

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. सून सगळ्यांशी बोलायची, फोरमनशी सोडून. "आई, बाबांना म्हणावं चहा निवतोय." बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. मुलानेही आवाज चढवला. "तिला काही झालं असतं म्हणजे, फोरमनसाहेब?" एवढंच तो बोलला, पण त्याचा आवाज फुटला, आणि फोरमनना वाटलं याच्यापेक्षा याने आपला एखादा दात उपटला असता तर परवडलं असतं.

आणि तरी दुसऱ्याच सकाळी एक झालं. सुनेने ठमी बाहेर काढली आणि दुकानात घेऊन गेली. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला आवाज आला. फोरमन ओट्यावर होते. ते कान देऊन ऐकत राहिले. गाडी लांबूनच कचरत येत नव्हती. ऐटीत आली, फाटकाच्या अगदी जवळ आली, आणि एका दमात जागच्या जागी थांबली. फोरमनना आनंद झाला. तिचं तिला परत मिळालं होतं. आपलं आपण घालवलं, याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

खरा छळ पुढे सुरू झाला. ट्रॅकचा पुढचा रविवार तीन आठवड्यांवर होता आणि सून एकटीच गाडीचं काम करायला लागली. गॅरेजच्या बंद दाराआडून आवाज यायचे. पाना नटावरून सटकल्याचा आवाज फोरमन झोपेतही ओळखतील. एकदा सटकला, दोनदा सटकला. "सतरा नंबरचा घे," फोरमन ओट्यावर बसून पुटपुटत. "अगं, सतराचा, अठराचा नव्हे. नटाची कड गेली ना!" बायको म्हणाली, जाऊन सांगा. ते म्हणाले, कुठल्या तोंडाने सांगू?

मग ब्रेकच्या तेलाची पाळी आली. जुनं तेल काढून नवं भरायचं, तर नळीत हवेचा बुडबुडा राहून चालत नाही. हे काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक बोल्ट सैल करून हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायचा. बोल्ट आवळायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत. सुनेने नवऱ्याला बसवलं. पहिल्यांदा त्याने क्लच दाबला. दुसऱ्यांदा ब्रेक दाबला, पण दवाखान्यातून फोन आला तसा पाय उचलून बोलायला लागला. तिसऱ्यांदा त्याला उभ्या गाडीत बसून मळमळायला लागलं.

गॅरेजचं दार उघडलं. सुनेच्या कपाळाला काळं लागलं होतं. तेरा दिवसांनी ती पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली.

"बाबा, पेडलवर बसा."

खाली नव्हे. पेडलवर. फोरमन मुकाट्याने जाऊन बसले. चौतीस वर्षं त्यांनी खालून हुकूम सोडले होते आणि वर बसलेल्यांनी पाय हलवले होते. आता खालून आवाज आला.

"दाबा."

त्यांनी दाबलं.

"धरा."

त्यांनी धरलं.

"सोडा."

मागचं डावं चाक झालं, मागचं उजवं झालं. दाबा, धरा, सोडा. दुसरा शब्द नाही. पण तेवढ्या तीन शब्दांनीही फोरमनना बरं वाटत होतं. पुढच्या चाकाशी येऊन पाना दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा खालून एक अस्सल डेपोतली शिवी आली. ती तिला कुणी शिकवली हे सांगायला नको.

"बोल्ट निघत नाहीये," ती म्हणाली.

पाय पेडलवर होता आणि तो उचलायची परवानगी नव्हती.

"बाबा, निघत नाहीये म्हणते मी."

"दोन थेंब तेल सोड आणि दहा मिनिटं विसर त्याला," फोरमन म्हणाले. "आणि उलटा जरासा आवळ आधी. मग येईल."

ती उठली. गाडीच्या दाराशी आली आणि पाना त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही या खाली. मी बसते वर."

पाना हातात घेताना फोरमनना काहीतरी बोलायचं होतं, पण तिने बोट वर केलं. "आधी ऐका. वही मी लिहिणार. ज्याने काम केलं त्याने खूण करायची नाही. काम झाल्यावर दुसऱ्याने हात लावून बघायचं, आणि मग खूण करायची. तुम्ही केलेलं मी बघणार, मी केलेलं तुम्ही. तुमच्या डेपोत काय चालायचं ते डेपोत."

"बरोबर आहे," फोरमन म्हणाले.

"आणि मी अजून रागावलेली आहे."

"तेही बरोबर आहे."

"किती दिवस ते माहीत नाही."

"असू दे," फोरमन म्हणाले, आणि गुडघ्यांचा कडकड आवाज करत खाली बसले. "दाब."

ट्रॅकच्या रविवारी सकाळी अकरा कामं झाली. पॅड फोरमननी बसवले. सुनेने चारही चाकांशी उकिडवं बसून बॅटरीच्या उजेडात पॅडवरचे आकडे मोठ्याने वाचले, प्रत्येकाला बोट लावलं, आणि मग दहा नंबरपुढे पेन्सिल टेकवली. मुलगा छत्री घेऊन सावलीला उभा होता. सासूबाई यायच्याच म्हणून हटून बसल्या होत्या आणि येताना ओट्यावरची सीट टेम्पोत घालून घेऊन आल्या होत्या. तिच्यावर बसून त्या सगळ्या गाड्यांना नावं ठेवत होत्या.

दुपारच्या गटात शेजारी माणूस बसवायची मुभा होती. सुनेने दुसरं हेल्मेट पुढे केलं.

"मी?" फोरमन म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं!"

"पॅड कुणी बसवले?"

"मी."

"मग बसा."

चौतीस वर्षांत फोरमन एवढे कधी घाबरले नव्हते. पट्टे आवळून झाले आणि ते देवाचं नाव आठवायला लागले तर तेही आठवेना. ठमी निघाली. बाहेरून त्यांनी तिला शेकडो वेळा जाताना बघितलं होतं. आतून ती वेगळीच होती. पोट मागे राहत होतं आणि आपण पुढे जात होतो. मुलाला काय होत असेल ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

सरळ रस्ता लागला. समोर ते वळण. बाजूला पाट्या होत्या, वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या. दोनशे गेली. सुनेने मान न वळवता ओरडून विचारलं, "पॅड?"

"ट्रॅकचे!" फोरमन ओरडले. आपणही पायाने जमीन दाबतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दीडशेच्याही आधीच तिने ब्रेक लावला. गाडी फारच लवकर मंदावली आणि वळणापर्यंत नुसती रांगत गेली. मागचा एकजण भुर्रकन पुढे निघून गेला.

दुसऱ्या फेरीला पुन्हा तोच रस्ता. "पॅड?"

"ट्रॅकचे! चारही! तूच बघितलेस!"

दीडशेच्या पाटीला ब्रेक. पॅड तापले होते, आता धरत होते. पट्टा खांद्यात रुतला. फोरमनना तो रुतणं फार आवडलं.

तिसऱ्या फेरीला तिचा आवाज जरा खालच्या पट्टीत आला. "पॅड?"

"ट्रॅकचे."

सव्वाशेच्या आसपास ब्रेक लागला आणि ठमी नाक खाली घालून वळणात अशी शिरली की मास्तर जिथे उभा होता तिथून तो दोन पावलं पुढे आला. सून हसत होती. हेल्मेटमुळे दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते.

चौथी फेरी सुरू झाली. मागच्या वेळी याच फेरीला. सरळ रस्ता आला, वेग चढत गेला, इंजिन ओरडायला लागलं. दोनशेची पाटी गेली. फोरमननी उत्तर तोंडात तयार धरून ठेवलं होतं. दीडशेची गेली. ते तिच्याकडे बघत होते आणि वाट पाहत होते. शंभरच्या पाटीला तिने ब्रेकवर पाय दिला आणि ठमीने जागेवर ऐकलं.

तिने विचारलंच नाही.